धर्म, अधिमान्यता आणि राज्यनिर्मिती : चांदा व देवगड येथील गोंड राज्यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील माजरी हे गाव आज कोळशाच्या खाणी आणि रेल्वे जंक्शन यांमुळे ओळखले जाते. वर्धा-बल्लारशाह मार्गावरील या स्थानकातून वणी-आदिलाबादकडे जाणारा फाटा फुटतो. खाणींच्या या पट्ट्यातून जाणाऱ्या प्रवाशास हा प्रदेश कधीकाळी राज्यसत्तेचे केंद्र होता असे सहसा वाटत नाही. परंतु माजरीपासून थोड्याच अंतरावर प्राचीन भांदक, म्हणजे आजची भद्रावती आहे आणि त्याच्या दक्षिणेस गोंड राजांची राजधानी चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर आहे. वर्धा आणि वैनगंगा या नद्यांमधील अरण्यप्रदेशात कित्येक शतके एक स्वतंत्र राज्यसंस्था नांदली. तिने किल्ले बांधले, तलाव खोदले, मंदिरे उभारली आणि दिल्लीच्या सत्तेशी व्यवहारही केला.

मध्ययुगीन भारताचा इतिहास महाविद्यालयीन वर्गांत शिकविताना हे राज्य बहुधा एका परिच्छेदात संपते. याचे एक कारण अभ्यासक्रमाच्या मांडणीत आहे. या कालखंडातील धर्म आणि राज्य यांच्या संबंधाची चर्चा प्रायः 'मुस्लिम सत्ता' आणि 'हिंदू सत्ता' अशा दोन रकान्यांत केली जाते. गोंड राज्ये यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. चांद्याच्या राजांनी शिवालये व देवीची मंदिरे बांधली, 'शाह' ही फारसी उपाधी धारण केली आणि कुळाच्या पेनाची उपासनाही चालू ठेवली. त्याच वंशगटातील देवगडच्या राजाने इस्लाम स्वीकारला, पण त्यामुळे त्याचे राज्य गोंड राज्यच राहिले. अशा उदाहरणांच्या आधारे धर्म आणि राज्यनिर्मिती यांच्या संबंधाकडे अधिक नेमकेपणाने पाहता येते. प्रस्तुत लेखात चांदा व देवगड या दोन राज्यांची तुलना करून, आशियातील अन्य मध्ययुगीन राज्यांच्या संदर्भात तिचा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पनात्मक चौकट

धर्म आणि राज्यसत्ता यांच्या संबंधाचा शास्त्रीय विचार करणारा मध्ययुगीन विचारवंत म्हणून इब्न खल्दून याचे नाव प्रथम घ्यावे लागते. इ.स. १३७७ मध्ये उत्तर आफ्रिकेत लिहिलेल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात त्याने 'असबिय्या' ही संकल्पना मांडली. असबिय्या म्हणजे एका गटातील माणसांना परस्परांसाठी झटावयास लावणारी एकजूट. ही एकजूट प्रामुख्याने रक्तसंबंधातून आणि एकत्र जगण्यातून निर्माण होते. इब्न खल्दूनच्या मते राज्याची स्थापना या एकजुटीच्या बळावर होते. धर्म हे बळ वाढवितो, कारण तो गटातील परस्पर मत्सर कमी करतो आणि सर्वांचे लक्ष एका उद्दिष्टाकडे वळवितो. परंतु ज्याच्या पाठीशी गटाचे बळ नाही त्याची धर्माची हाक यशस्वी होत नाही, असेही त्याने स्पष्टपणे म्हटले आहे.

या विचाराला आधुनिक समाजशास्त्रातील 'अधिमान्यता' या संकल्पनेची जोड द्यावी लागते. सत्ता मिळविणे ही एक गोष्ट आहे आणि ती सत्ता योग्य आहे असे इतरांना वाटणे ही दुसरी. मध्ययुगीन राजाला ही मान्यता किमान दोन ठिकाणांहून मिळवावी लागत असे. पहिले ठिकाण म्हणजे त्याचा स्वतःचा समाज. दुसरे ठिकाण म्हणजे त्या समाजाबाहेरचे जग, म्हणजेच शेजारची राज्ये, साम्राज्यसत्ता, व्यापारी, नव्याने वसणारे शेतकरी आणि विद्वान वर्ग. या लेखात पहिलीस 'अंतर्गत मान्यता' आणि दुसरीस 'बाह्य मान्यता' असे म्हटले आहे. दोन्ही मान्यतांना धर्माची भाषा असते, मात्र ती भाषा एकच असेल असे नाही. गोंड राज्यांच्या अभ्यासाचे महत्त्व येथेच आहे.

प्रदेशाची पूर्वपीठिका

गोंड राजांच्या आधीही या प्रदेशात धर्म आणि सत्ता यांचे नाते जुळलेले दिसते. भद्रावतीजवळील विजासन टेकडीवरील बौद्ध लेणी, तेथील नागपूजेची परंपरा सांगणारे भद्रनाग मंदिर आणि जैन तीर्थक्षेत्र ही एकाच परिसरातील तीन भिन्न धर्मपरंपरांची साक्ष आहे. भांदक येथे मिळालेल्या राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या शके ६९४, म्हणजे इ.स. ७७२ च्या ताम्रपटात सूर्यमंदिरास ग्रामदान दिल्याची नोंद आहे. वैनगंगेच्या काठी, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात असलेला मार्कंडा येथील मंदिरसमूह हाही या प्रदेशातील पूर्वमध्ययुगीन शैव परंपरेचा मोठा पुरावा आहे.

याचा अर्थ असा की गोंड सत्ता येथे उदयास आली तेव्हा हा प्रदेश धर्मदृष्ट्या कोरा नव्हता. दान, देवालय, क्षेत्रमाहात्म्य आणि ब्राह्मणवस्ती या राज्यसत्तेच्या परिचित खुणा येथे आधीच उपलब्ध होत्या. नव्या राजांनी त्यांपैकी काही उचलल्या व स्वतःच्या परंपरेशी जोडून घेतल्या.

गोंड राज्याचा अंतर्गत आधार

चांद्याच्या राजवंशाचा आरंभीचा इतिहास मुख्यतः मौखिक परंपरेवर आधारलेला आहे. मेजर ल्युसी स्मिथ यांनी १८६९ मध्ये चांदा जिल्ह्याच्या जमीन महसूल बंदोबस्ताचा अहवाल तयार करताना ही परंपरा नोंदविली आणि पुढील बहुतेक लेखन त्या नोंदीवर अवलंबून राहिले. त्यामुळे आरंभीच्या राजांची नावे व क्रम यांकडे परंपरा म्हणूनच पाहिले पाहिजे. या परंपरेनुसार राज्याची पहिली राजधानी सिरपूर (आजच्या तेलंगणात), दुसरी बल्लारपूर आणि तिसरी चांदा ही होय.

या राज्याचा पाया गोंड समाजाच्या कुळव्यवस्थेत होता. गोंड समाज 'सगा' या मोठ्या गटांत विभागलेला आहे. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी या गटांची ओळख त्यांच्या देवसंख्येवरून सांगितली जाते. एकाच सगातील स्त्रीपुरुषांचा विवाह होत नाही. प्रत्येक कुळाचा पेन म्हणजे कुलदैवत असतो. त्याच्या ठाण्यावर विखुरलेल्या गावांतील कुळबांधव एकत्र येतात आणि परधान हे परंपरागत गायक किंगरीच्या साथीने कुळाची उत्पत्तिकथा गातात. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ च्या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले आहे.

राज्यनिर्मितीच्या दृष्टीने या व्यवस्थेचे दोन परिणाम महत्त्वाचे ठरतात. एक म्हणजे पेनाच्या उपासनेमुळे दूरवरच्या गावांतील कुळबांधव एका बंधनात राहतात. दुसरा म्हणजे सगाबाहेर विवाह करण्याच्या नियमामुळे निरनिराळी कुळे परस्परांशी सोयरीकीने जोडली जातात. अरण्यप्रदेशात पगारी नोकरशाही उभी करण्याची साधने नसताना राजाला सैन्य जमविणे आणि गढ्यांवर विश्वासू माणसे नेमणे शक्य झाले ते या जाळ्यामुळे. इब्न खल्दूनची असबिय्या येथे धर्माच्या बाहेर नाही. ती पेनाच्या उपासनेतच गुंफलेली आहे.

अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी' मध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याच्या बाबाजीचा उल्लेख येतो. त्याच्याकडे १,००० घोडदळ आणि ४०,००० पायदळ असल्याचे तेथे नमूद आहे. वैरागडची हिऱ्याची खाणही त्याच्या ताब्यात असल्याचे या ग्रंथावरून दिसते. देवगडच्या जाटबाकडे २,००० घोडदळ, ५०,००० पायदळ व शंभरांवर हत्ती असल्याचे त्याच ग्रंथात म्हटले आहे. हे आकडे दरबारी अंदाजाचे आहेत, हे मान्य करूनही त्यांतील प्रमाण बोलके आहे. घोडदळ विकत घ्यावे लागते, पायदळ समाजातून उभे राहते. एका घोडेस्वारामागे चाळीस पायदळ हे चांद्याचे प्रमाण सत्तेचा आधार कोठे होता ते दाखविते.

तलाव, जमीन आणि नवी वस्ती

केवळ कुळबंधनावर राज्य फार काळ चालत नाही. त्याला स्थिर उत्पन्न लागते आणि अरण्यप्रदेशात ते उत्पन्न नांगराच्या शेतीतून येते. चांद्याच्या परंपरेत हीरशाह या राजाचे नाव यासाठी घेतले जाते. जंगल तोडून जमीन लागवडीस आणणाऱ्यास ती जमीन देण्याचे आणि तलाव बांधणाऱ्यास त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन देण्याचे धोरण त्याने अवलंबिले असे सांगितले जाते. तलाव बांधणाऱ्यास मिळणारी अशी जमीन 'तुकूम' म्हणून ओळखली जात असे. चंद्रपूर शहरातील तुकूम या वस्तीच्या नावात तो शब्द आजही टिकून आहे. पूर्व विदर्भातील तलावबांधणीत निष्णात असलेल्या कोहळी समाजाला गोंड राजांच्या काळात या भागात मोठा वाव मिळाला.

या धोरणामुळे राज्यात गोंडेतर शेतकरी, कारागीर, व्यापारी आणि कारकून यांची संख्या वाढली. त्यांना पेन, सगा किंवा किंगरीची कथा यांचा अर्थ लागत नव्हता. राजा आपला आहे असे त्यांना वाटण्यासाठी दुसऱ्या धर्मभाषेची आवश्यकता होती. राजाच्या धर्मविषयक धोरणातील बदल या आर्थिक बदलापासून वेगळे काढून पाहिले तर ते केवळ राजाच्या वैयक्तिक श्रद्धेचे प्रश्न वाटू लागतात. वस्तुतः ते राज्याची प्रजा बदलत असल्याचे निदर्शक आहेत.

चांदा : देवालयांद्वारे मान्यता

चांदा नगराच्या स्थापनेची कथा या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. खांडक्या बल्लाळशाह हा राजा त्वचारोगाने त्रस्त होता. शिकारीच्या वेळी झरपट नदीच्या पात्रातील एका खड्ड्यातील पाण्याने त्याचा रोग बरा झाला. राणीच्या सल्ल्याने त्या स्थानाचा शोध घेतला असता तेथे अचलेश्वराचे तीर्थ असल्याचे आढळले, अशी ही कथा आहे. पुढे त्या परिसरात नगर वसले आणि त्याभोवती तट बांधला गेला. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अचलेश्वर हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या असलेला हा तट अनेक राजांच्या कारकिर्दींत पूर्ण झाला.

या कथेत राजाला राज्याधिकार अचलेश्वराकडून मिळत नाही. तो आधीच राजा आहे. तीर्थामुळे त्याला आरोग्य मिळते आणि त्याच्या नव्या राजधानीला पावित्र्य मिळते. म्हणजेच शैव परंपरेने राज्याला जन्म दिला नाही. नव्या नगरात येऊन राहणाऱ्या सर्वांना समजेल अशी प्रतिष्ठा मात्र तिने दिली. याच राजमालिकेतील कर्णशाह याने देवालयांना व ब्राह्मणांना आश्रय दिल्याचे परंपरा सांगते. तसेच एका पूर्वजास दिल्लीच्या सुलतानाकडून 'शाह' ही उपाधी मिळाली आणि तेव्हापासून वंशातील राजे ती धारण करू लागले, असेही सांगितले जाते. शिवालय आणि फारसी उपाधी या दोन्ही गोष्टी एकाच घराण्याने एकाच हेतूने स्वीकारल्या. त्या बाह्य मान्यतेच्या दोन भाषा होत्या.

मोगल सत्तेशी चांद्याचा संबंध खंडणीच्या मार्गाने राहिला. १६६७ मध्ये दिलेरखानाच्या स्वारीनंतर चांद्याच्या राजाने फार मोठी खंडणी आणि वार्षिक पेशकश मान्य केली. त्याला धर्म बदलावा लागला नाही. साम्राज्याला सरहद्दीवरील राज्याकडून पैसा आणि निष्ठा हवी होती. ती मिळत असेल तर राजाच्या उपासनेत हस्तक्षेप करण्याचे प्रयोजन नव्हते, ही गोष्ट पुढील तुलनेसाठी ध्यानात ठेवावी लागेल.

अठराव्या शतकाच्या आरंभी राणी हिराई हिची कारकीर्द येते. पती बीरशाह याची हत्या झाली होती, गादीला औरस वारस नव्हता आणि दत्तक घेतलेला रामशाह लहान होता. अशा स्थितीत राणीने राज्याचा कारभार पाहिला. चंद्रपूरचे महाकाली मंदिर आणि अचलेश्वर मंदिराजवळील बीरशाहची भव्य समाधी ही तिच्या काळातील बांधकामे होत. समाधीची वास्तुशैली इस्लामी कबरींच्या घुमटाकार बांधणीशी नाते सांगते आणि ती मात्र शैव तीर्थाच्या सान्निध्यात उभी आहे. महाकालीच्या चैत्र यात्रेला आजही मराठवाडा व तेलंगणातून भाविक मोठ्या संख्येने येतात. या राजवंशाच्या धर्मविषयक बांधकामांतील सर्वांत ठळक वास्तू त्याच्या सर्वांत बिकट काळात उभ्या राहिल्या, ही बाब योगायोगाची मानता येत नाही.

देवगड : धर्मांतराद्वारे मान्यता

देवगडच्या गोंड राज्यात वारसाहक्काचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडविण्यात आला. गादीच्या तंट्यात सापडलेला एक दावेदार १६८६ मध्ये औरंगजेबाच्या आश्रयास गेला. त्याने इस्लाम स्वीकारला आणि 'बख्त बुलंद' या नावाने त्याला देवगडचा राजा म्हणून मान्यता मिळाली. चांद्याच्या उदाहरणावरून हे स्पष्ट आहे की मोगलांची मान्यता मिळविण्यासाठी धर्मांतर ही अट नव्हती. हा मार्ग अशा दावेदाराने निवडला ज्याच्यापाशी स्वसमाजातील पाठिंबा पुरेसा नव्हता आणि म्हणून ज्याला बादशहाला देण्यासाठी खंडणीपेक्षा अधिक काही हवे होते.

या व्यवहाराचा पुढील इतिहास उद्बोधक आहे. अवघ्या पाच वर्षांत बख्त बुलंदला पदच्युत करण्यात आले आणि देवगडची गादी धर्मांतर केलेल्या दुसऱ्या गोंड दावेदारास देण्यात आली. ज्या अधिकाराचा आधार धर्मांतर हा आहे तो अधिकार धर्मांतर करणाऱ्या कोणासही देता येतो. एकाची जागा दुसऱ्याने घेण्यास मग अडचण उरत नाही. पुढे बख्त बुलंद निसटला, त्याने मोगलांविरुद्ध बंड केले आणि त्याच्या नावाचा अर्थच उलटवून औरंगजेबाने त्याला 'निगूनबख्त', म्हणजे दुर्दैवी, ठरविले. समान धर्माने हा संघर्ष टळला नाही.

बख्त बुलंद टिकला तो राज्याच्या प्रत्यक्ष उभारणीमुळे. त्याने हिंदू व मुसलमान शेतकरी, कारागीर आणि शिपाई यांना आपल्या प्रदेशात वसविले. लहान वाड्या एकत्र करून १७०२ मध्ये त्याने नागपूर नगराची स्थापना केली. त्याचा वारस चांद सुलतान याने नागपूरला राजधानीचे स्वरूप दिले आणि जुम्मा तलाव बांधविला. चांद्याच्या हीरशाहविषयी परंपरा जे सांगते तेच येथे घडताना दिसते. राजाचा धर्म वेगळा, पण राज्य उभारण्याची साधने तीच : जमीन, पाणी, वस्ती आणि तटबंदी. देवगडच्या घराण्याने इस्लाम स्वीकारल्यावरही विवाहसंबंध गोंड घराण्यांशी ठेवले, अशी परंपरा आहे. बाह्य मान्यतेची भाषा बदलली तरी अंतर्गत मान्यतेचे सूत्र तोडणे राजाला परवडणारे नव्हते, असाच याचा अर्थ होतो.

आशियातील अन्य उदाहरणे

देवगडचे उदाहरण अपवादात्मक नाही. इराणमधील मंगोल इलखानी राज्यात गाझान याने १२९५ मध्ये इस्लाम स्वीकारला. त्या वेळी तो बायदू या प्रतिस्पर्ध्याशी गादीसाठी झगडत होता आणि धर्मांतराचा आग्रह धरणारा नवरूझ हा त्याचा प्रमुख पाठीराखा सरदार होता. गाझान गादीवर आला आणि दोनच वर्षांत, १२९७ मध्ये, नवरूझ मारला गेला. गाझानचे राज्य सावरले ते वजीर रशीदुद्दीनच्या साह्याने केलेल्या महसूलविषयक सुधारणांमुळे.

दिल्लीचा इल्तुतमिश हा गुलामगिरीतून वर आलेला सुलतान होता. त्याने १२२९ मध्ये बगदादच्या अब्बासी खलिफाकडून मान्यतेची वस्त्रे मिळविली. मुहम्मद बिन तुघलक याने कैरो येथील अब्बासी खलिफाची मान्यता मागितली ती १३४० नंतरच्या दशकात, म्हणजे साम्राज्यात ठिकठिकाणी बंडे होत असताना. दख्खनमध्ये अहमदशाह बहमनी याने १४२२ मध्ये भाऊ फिरोजशाहला दूर सारून सत्ता घेतली. त्याच्या पाठीशी गुलबर्ग्याचे सूफी संत गेसूदराज यांचा आशीर्वाद होता. पुढे त्याने राजधानी बीदरला नेली आणि इराणमधील किरमानच्या शाह नियामतुल्लाह यांच्या घराण्याशी संबंध जोडला. ओडिशात गंग वंशातील अनंगभीम तिसरा याने १२३० मध्ये जगन्नाथ हाच राज्याचा स्वामी आणि आपण त्याचा प्रतिनिधी असे घोषित केले. त्या देवाच्या सेवेतील दैतापती स्वतःचे नाते शबर पूर्वजांशी सांगतात. बाहेरून आलेल्या राजवंशाने स्थानिक दैवताच्या नावाने राज्य करण्याचे हे उदाहरण आहे.

या सर्व उदाहरणांत धर्म वेगवेगळे आहेत, परंतु परिस्थिती सारखी आहे. नवा वंश, वादग्रस्त वारसा, बंडे किंवा परक्या प्रदेशावरील सत्ता अशा प्रसंगी राजाने धार्मिक मान्यतेचा मोठा प्रयत्न केलेला दिसतो. राज्याला धर्माची सर्वाधिक गरज त्याच्या बळाच्या काळात नव्हे, तर अधिकार डळमळीत असताना भासते. राणी हिराईचे महाकाली मंदिर आणि बख्त बुलंदचे धर्मांतर ही या दृष्टीने एकाच प्रश्नाची दोन उत्तरे ठरतात.

यास एक महत्त्वाचा अपवाद सांगावा लागतो. इराणच्या सफवी राज्यात धर्म नंतर आला नाही. शाह इस्माईलने १५०१ मध्ये तब्रीझ येथे शिया पंथ राज्यधर्म म्हणून घोषित केला तेव्हा त्याचे घराणे मुळातच एका सूफी संप्रदायाचे नेतृत्व करीत होते. मात्र तेथेही लढणारे बळ किझिलबाश टोळ्यांचे होते. टोळीबंधन आणि गुरुनिष्ठा ही दोन्ही एकाच गटात एकवटली होती. इब्न खल्दूनचे विधान अशा प्रकारे अपवादातही खरे ठरते.

मान्यतेच्या मार्गातील धोका

बाह्य मान्यतेची भाषा स्वीकारताना अंतर्गत बंध तुटला तर काय होते याचे उदाहरण आसामच्या अहोम राज्यात आढळते. ताई वंशाच्या अहोम राजांनी हळूहळू हिंदू परंपरा स्वीकारली. शिवसिंह (१७१४-१७४४) याच्या काळात शाक्त पंथाला राजाश्रय मिळाला आणि राणी फुलेश्वरीने मोआमरिया वैष्णव महंतांचा अपमान केला. त्या पंथात राज्यातील मोठा कष्टकरी वर्ग होता. १७६९ मध्ये मोआमरियांचे बंड उसळले आणि अहोम राज्य त्यातून पूर्ववत सावरले नाही. तेथे राजाश्रयाच्या धर्माने राज्यातील ज्या वर्गावर श्रमाचा भार होता त्यालाच दूर लोटले.

चांद्यात असे घडले नाही. १७५१ मध्ये रघुजी भोसल्यांनी चांदा ताब्यात घेतले आणि नीळकंठशाहबरोबर राजसत्ता संपली. परंतु कुळांचे जाळे शाबूत राहिले. चांद्याच्या राजांप्रमाणेच आत्राम कुळातील असलेल्या अहेरीच्या जमीनदारांची सत्ता पुढे दोन शतके, म्हणजे १९५१ मध्ये जमीनदारी संपुष्टात येईपर्यंत टिकली. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले तेव्हा चांद्याची गादी जाऊन शतक उलटले होते. तरीही जंगलपट्टीतील माणसे त्यांच्या मागे उभी राहिली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे त्यांना फाशी देण्यात आली. राजधानी पडल्यावर राज्यातील जे उरते तेच त्याचा खरा पाया कोणता होता हे सांगते.

देवगडच्या बाबतीत पुरावा आणखी स्पष्ट आहे. १७३९ मध्ये चांद सुलतानच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा तंटा झाला. राणी रतनकुंवर हिने रघुजी भोसल्यांना मदतीस बोलाविले आणि १७४३ पर्यंत सत्ता भोसल्यांच्या हाती गेली. तरी रघुजींनी गोंड राजा बुऱ्हाणशाह याला गादीवरून पूर्णपणे हटविले नाही. त्याला मानाने नागपुरात ठेवण्यात आले आणि भोसले राजांना टिळा लावण्याचा मान गोंड राजाकडे राहिला. हिंदू मराठा सत्ताधीशाच्या कपाळी मुसलमान गोंड राजाने टिळा लावावा, या घटनेचे स्पष्टीकरण 'हिंदू सत्ता' आणि 'मुस्लिम सत्ता' या विभागणीने देता येत नाही. टिळा लावणाऱ्याचा अधिकार त्याच्या इस्लाममधून आलेला नव्हता आणि तो स्वीकारणाऱ्याची गरज त्याच्या हिंदुत्वातून निर्माण झालेली नव्हती. भूमीचा जुना धनी म्हणून गोंड राजाला प्रदेशात असलेली मान्यता भोसल्यांना हवी होती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) गोंड राज्यांचा पाया कुळव्यवस्था आणि पेनाची उपासना यांनी बांधलेल्या समाजात होता. त्यावर जमीन, तलाव व नवी वस्ती यांच्या आधारे राज्यसंस्था उभी राहिली.

२) शैव-शाक्त देवालये, 'शाह' ही उपाधी आणि देवगडचे धर्मांतर ही बाह्य मान्यता मिळविण्याची साधने होती. त्यांनी राज्याला प्रतिष्ठा दिली, बळ दिले नाही.

३) अशा साधनांचा सर्वाधिक अवलंब वारसा वादग्रस्त असताना झाला. इलखानी, दिल्ली, बहमनी व गंग राज्यांचा इतिहास याला पुष्टी देतो.

४) समान धर्माने राजकीय निष्ठा निश्चित झाली नाही आणि भिन्न धर्माने मान्यता अडली नाही. औरंगजेब-बख्त बुलंद संघर्ष आणि भोसल्यांचा टिळा ही त्याची दोन ठळक उदाहरणे होत.

२०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालये या विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि त्यांच्या वर्गांत गोंड, माडिया व परधान समाजांतील विद्यार्थी बसतात. मध्ययुगाचा इतिहास दोन धर्मांच्या संघर्षाच्या रूपाने सांगितला गेला तर या विद्यार्थ्यांच्या पूर्वजांना त्यात प्रेक्षकाचीच जागा मिळते. त्याच इतिहासाकडे मान्यता, जमीन आणि कुळबंधन यांच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचे पूर्वज राज्यकर्ते म्हणून पुढे येतात. भांदकची लेणी, चंद्रपूरचा तट, बीरशाहची समाधी, वैरागडचा किल्ला आणि गावोगावचे तलाव ही या अभ्यासाची साधने प्राध्यापक व विद्यार्थी यांच्या सहज आवाक्यात आहेत. परधानांच्या गायनातील वंशकथा हेही असेच एक साधन असून ती गाणारे जाणकार हयात आहेत तोवर तिचे पद्धतशीर ध्वनिमुद्रण होणे निकडीचे आहे. खाणींच्या विस्ताराने या पट्ट्याची जमीन झपाट्याने बदलत असताना माजरी परिसरातील जुन्या गावठाणांची, तलावांची आणि पेनठाण्यांची नोंद करण्याचे काम महाविद्यालयांच्या इतिहास व समाजशास्त्र विभागांनी हाती घेणे आवश्यक आहे.